टप्प्यांच्या मधले दिवस : राज्यसेवेच्या अभ्यासात वेळ नेमका जातो कुठे?

(विरार येथे रविवारी सकाळी झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी दोन प्रश्न शेवटी दिले आहेत.)

मागे जे उभे आहेत त्यांनी पुढे या, पुढच्या रांगेत जागा आहे. लोकलमध्ये उभं राहायची सवय आहे आपल्या सगळ्यांना, पण इथे तशी गरज नाही.

विषय आहे स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाचं वेळेचं नियोजन. हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, रोज किती तास अभ्यास करायचा?" आम्हीही कधीकाळी हाच प्रश्न विचारत होतो. आम्ही म्हणजे आम्ही तिघं मित्र, याच भागातल्या एका अभ्यासिकेत एका टेबलावर बसणारे. तिघांनी मिळून राज्यसेवेचे बरेच प्रयत्न केले. एक जण आज शासकीय सेवेत आहे, दोघं नाहीत. आणि आज मागे वळून तिघांच्या वह्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट साफ दिसते. आमचे दिवस अभ्यासाच्या काळात फारसे वाया गेले नाहीत. वाया गेले ते दोन टप्प्यांच्या मध्ये. पूर्व परीक्षा झाली, निकाल यायचाय. तारीख जाहीर झाली, मग पुढे गेली. मुख्य दिली, आता काय करायचं? या मधल्या दिवसांचं वेळापत्रक कुणीच करत नाही. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी परीक्षा नीट मोजून घेऊ

राज्यसेवेचे टप्पे तीन : पूर्व, मुख्य, मुलाखत. हे सगळ्यांना पाठ आहे. पण प्रत्येक टप्पा आपल्याकडून वेगळी कृती मागतो, हे वेळापत्रक करताना आपण विसरतो.

पूर्व परीक्षेत निवडायचं असतं. सामान्य अध्ययनाचा पेपर १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा, दोन तासांचा. चुकलेल्या उत्तराला एक चतुर्थांश गुण कापले जातात. दुसरा पेपर सीसॅटचा, ८० प्रश्न, २०० गुण. तो आता पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के लागतात, म्हणजे २०० पैकी ६६. आणि पूर्वचे गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत. ती चाळणी आहे.

मुख्य परीक्षेत लिहायचं असतं. आमच्या वेळी ती ८०० गुणांची होती, बहुतेक पेपर पर्याय निवडायचे, आणि मुलाखत १०० गुणांची. २०२५ च्या राज्यसेवेपासून हे चित्र बदललं. आता वर्णनात्मक नऊ पेपर. मराठी आणि इंग्रजी प्रत्येकी ३०० गुणांचे, पण फक्त पात्रतेसाठी. निबंध २५०, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी २५०, वैकल्पिक विषयाचे दोन पेपर प्रत्येकी २५०. गुणवत्तेसाठी धरले जाणारे गुण झाले १७५०. त्यात मुलाखतीचे २७५ मिळवा, एकूण २०२५.

मुलाखतीत बोलायचं असतं. म्हणजे निवडणं, लिहिणं, बोलणं. आपली वेळापत्रकं मात्र कशी असतात? सोमवारी इतिहास, मंगळवारी भूगोल, बुधवारी राज्यघटना. सगळीकडे एकच कृती, वाचणं. वाचणं लागतंच, पण परीक्षेत वाचण्याला गुण नाहीत. तेव्हा पहिली दुरुस्ती ही करा : वेळापत्रकात विषयाच्या शेजारी कृती लिहा. 'राज्यघटना – वाचन', 'राज्यघटना – पन्नास प्रश्न', 'राज्यघटना – दोन उत्तरं लिहून'. आठवडा संपला की बघा, तीनही कृती त्यात आहेत का.

खरे तास किती?

आता तासांकडे येऊ. अभ्यासिकेत विचारलं तर प्रत्येक जण दहा-बारा तास सांगतो. आम्हीही सांगायचो. मग एकदा आम्ही तिघांनी एक आठवडा खरा हिशेब ठेवला. नियम साधा होता. मोबाइल बॅगेत, आणि पुस्तक उघडं असेल तेवढीच मिनिटं वहीत लिहायची. चहा, वर्तमानपत्रावरची चर्चा, "अमुक पुस्तकाची नवी आवृत्ती आली का रे" हे सगळं वजा. आमच्यातला जो दहा तास म्हणायचा त्याचे निघाले सव्वापाच. त्याला दोन दिवस वाईट वाटलं. पण त्यानंतर त्याचं वेळापत्रक पहिल्यांदा खरं झालं.

तुमच्यापैकी बरेच जण नोकरी करून अभ्यास करतात. विरारहून अंधेरी, दादर, चर्चगेट. चर्चगेट म्हणजे साठ किलोमीटर, फास्ट मिळाली तरी सव्वा तासाच्या वर, आणि घरून स्टेशनपर्यंतचं वेगळं. गाडीतले तास अभ्यासात धरायचे का? आमचं उत्तर असं : मोजणीत धरू नका, वापर मात्र करा. विरारहून सकाळी सुटणाऱ्या गाडीत जागा मिळाली तर मिळाली. नालासोपाऱ्याची, वसईची मंडळी त्यासाठी उलटं विरारला येतात, हे तुम्हाला माहीत आहे. पण संध्याकाळी परत येताना चौथ्या सीटवर अर्धवट टेकून नवा विषय डोक्यात शिरत नाही. तिथे फक्त उजळणी. स्वतःच्या हातानं काढलेली टिपणं, एका कागदावर मावतील एवढी. नवीन वाचन गाडीत ठेवलं की ते राहून जातं, आणि वेळापत्रकात मात्र झालं अशी खूण पडते. हा स्वतःशीच केलेला खोटा हिशेब.

मग नोकरी करणाऱ्याचे खरे तास मांडू. सकाळी पावणेदोन तास, रात्री पाऊण तास. रोजचे अडीच. पाच दिवसांचे साडेबारा. शनिवारी साडेचार, रविवारी सात. आठवड्याचे झाले चोवीस. वर्षात लग्नं, ताप, गणपती, पावसात बंद पडलेली गाडी, यांचे दोन आठवडे सोडून द्या. पन्नास आठवडे गुणिले चोवीस, बाराशे तास. एवढी आपली वर्षाची पुंजी.

बाराशे तास कमी नाहीत, पण उधळायला पुरत नाहीत. आम्ही आज कुणाला सांगायचं झालं तर असे वाटून देऊ : सामान्य अध्ययनाचं वाचन आणि टिपणं ४५०, वैकल्पिक विषय ३००, उत्तरलेखन आणि निबंध २००, पूर्वचे प्रश्नसंच आणि सीसॅट १५०, शेवटची उजळणी १००. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. गणित कच्चं असेल त्यानं सीसॅटकडे जास्त तास वळवावेत. पात्रतेचा पेपर म्हणून तो दुर्लक्षिला की तिथेच घात होतो. पण उत्तरलेखनाचे २०० तास कुणी कमी करू नयेत.

का ते सांगतो. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या एका पेपरात वीस प्रश्न असतात. दहा प्रश्न दीडशे शब्दांचे, दहा अडीचशे शब्दांचे. एकूण चार हजार शब्द, तीन तासांत. प्रश्नाला सरासरी नऊ मिनिटं, त्यात विचारही करायचा आणि लिहायचंही. राज्यसेवेची नवी रचना त्याच धर्तीवर आहे. ज्याचा हात गेली चार वर्षं फक्त गोल काळे करत आला आहे, त्याच्या हातातून तीन तासांत एवढं लेखन एकदम उतरत नाही. बोटं दुखतात. ही सवय पूर्वच्या निकालानंतर लागत नाही. ती आधीच लागलेली असावी लागते.

पहिला मधला काळ : पूर्व ते मुख्य

इथे आमच्यातल्या एकाची गोष्ट सांगतो, त्याच्या परवानगीनं.

पूर्व परीक्षा देऊन आम्ही केंद्राबाहेर आलो. घरी येताना रिक्षातच हिशेब सुरू झाला. हा चुकला, तो चुकला. घर येईपर्यंत त्यानं ठरवून टाकलं होतं की यंदा काही होत नाही. त्यानं पुस्तकं पेटीत ठेवली आणि एका ठिकाणी हिशेब लिहायचं काम धरलं. आम्ही दोघं अभ्यासिकेत जात राहिलो, पण आमचाही पाय जड झाला होता. "निकाल लागला की जोरात सुरू करू" हे आमचं रोजचं वाक्य. निकाल लागला. तो पास. आम्हा दोघांपैकी एक पास, एक नापास. त्याच्या हातात मुख्य परीक्षेला दीड महिना होता, आणि पुस्तकांवर धूळ. मुख्य परीक्षेत तो बारा गुणांनी गेला. बारा गुणांना किती दिवस लागतात ते आम्हाला माहीत नाही. पण पेटीत गेलेले दिवस त्याला आजही मोजता येतात.

हा फक्त आमचा अनुभव म्हणून सोडून देऊ नका. तारखा बघा. यूपीएससीची २०२५ ची पूर्व परीक्षा झाली २५ मे रोजी. निकाल ११ जूनला. मुख्य सुरू झाली २२ ऑगस्टला. पूर्व ते मुख्य ८९ दिवस, आणि त्यातले १७ दिवस निकालाची वाट बघण्याचे. निकालापर्यंत थांबणाऱ्यानं हातातल्या वेळेचा जवळजवळ पाचवा हिस्सा दिला. तोही कुणी मागितला नसताना.

म्हणून नियम लिहून घ्या. पूर्वच्या दिवशी संध्याकाळी हिशेब करायचा नाही. झोपायचं. दुसरा दिवस पूर्ण सुट्टी. आपल्याला हवं तर अर्नाळ्याला जा, किनाऱ्यावर चक्कर मारा. आयोगाची पहिली उत्तरतालिका आली की एकदाच, शांतपणे, कागदावर गुण मोजायचे. मग स्वतःला तीनपैकी एका खान्यात ठेवायचं : नक्की वर, काठावर, नक्की खाली. वरचा आणि काठावरचा, दोघांचं वेळापत्रक एकच. मुख्यचा अभ्यास तिसऱ्या दिवसापासून सुरू. काठावर असलेल्यानं स्वतःला नापास धरणं, ही सगळ्यात महाग चूक. नक्की खाली असलात तर पुढच्या वेळेचं उत्तरलेखन आजपासून सुरू. कुठल्याही खान्यात वाट बघणं नाही.

दुसरा मधला काळ : तारीख पुढे गेली तर

हा काळ आपल्या राज्यातल्या मुलांच्या चांगलाच ओळखीचा आहे. राज्यसेवा २०२४ ची पूर्व परीक्षा आधी २८ एप्रिलला होती. ती जुलैवर गेली, मग २५ ऑगस्टवर, आणि अखेर १ डिसेंबर २०२४ ला झाली. पहिल्या तारखेपासून मोजलं तर २१७ दिवस. पुढच्या वर्षी, २०२५ ची पूर्व २८ सप्टेंबरला होती. राज्यात अतिवृष्टी आणि पूर आले, आणि ती ९ नोव्हेंबरला झाली. ४२ दिवस.

कारणं वेगवेगळी होती, काही रास्त होती. पूर आलेल्या गावातल्या मुलानं परीक्षेला यायचं तरी कसं? पण आपल्या हिशेबात बघा. आठवड्याला चोवीस तासांच्या दरानं ४२ दिवस म्हणजे १४४ तास. २१७ दिवस म्हणजे सातशेच्या वर तास. आपल्या वर्षाच्या पुंजीच्या निम्म्याहून जास्त. आणि जो एप्रिलपर्यंतचे पैसे साठवून नोकरी सोडून बसला होता, त्याचं काय झालं असेल? हा फक्त अभ्यासाचा प्रश्न राहत नाही, घरभाड्याचा होतो.

तारीख पुढे गेली की काय होतं? पहिले चार दिवस राग. मग आठवडाभर बातम्या आणि मोबाइलवरचे ग्रुप. मग आपण तेच पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा उघडतो. सगळ्यात मोठी गफलत ही. प्राचीन भारताचा पहिला धडा पाचव्यांदा वाचला जातो आणि शेवटचा धडा पहिल्यांदाही होत नाही.

आमचं सांगणं असं आहे. परीक्षा पुढे गेली तर मिळालेला वेळ त्याच टप्प्यावर खर्च करू नका, पुढच्या टप्प्याला द्या. पूर्व पुढे गेली, तर आलेले तास मुख्यच्या लेखनाला आणि वैकल्पिक विषयाला. पूर्वसाठी आठवड्याला एक प्रश्नसंच, हात गरम ठेवण्यापुरता. नव्या तारखेच्या आधी तीन-चार आठवडे राहिले की पुन्हा पूर्ण पूर्वकडे यायचं. म्हणून वेळापत्रक तारखेला बांधू नका. 'परीक्षेआधीचे चार आठवडे' असं एक वेगळं पान करा आणि बाजूला ठेवा. तारीख कुठेही सरकली तरी ते पान तेच राहतं, फक्त उघडायचा दिवस बदलतो.

तिसरा मधला काळ : मुख्य ते मुलाखत

मुख्य दिल्यावर माणूस थकतो. आठ-दहा दिवस विश्रांती घ्या, ती लागतेच. पण नंतर दोन कामं शेजारी शेजारी चालवायची. एक, पुढच्या पूर्वची तयारी, कारण निकाल काय लागेल ते आपल्या हातात नाही आणि पुढचं चक्र आधीच्या निकालासाठी थांबत नाही. दुसरं, बोलणं.

मुलाखतीला २७५ गुण आहेत, एका पूर्ण पेपरपेक्षा जास्त. आणि तिथे तुम्हाला तुमच्या गावाबद्दल विचारलं जाणार. आपण पालघर जिल्ह्यातले. जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, तालुके आठ. एवढं सगळे सांगतात. पण जव्हार-मोखाड्यातल्या कुपोषणावर तुम्ही अधिकारी म्हणून पहिल्या महिन्यात काय कराल? वाढवण बंदराबद्दल मच्छीमारांचं म्हणणं काय आणि शासनाचं काय, दोन्ही बाजू तुम्ही दोन मिनिटांत मांडू शकता का? वसई-विरार महापालिका २००९ ला झाली, तेव्हा गावं त्यात घेण्यावरून वाद का झाला? हे पुस्तकात नाही, आपल्या घरात आहे. आजीला विचारा, भाजीवाल्या मावशींना विचारा. आठवड्यातून वीस मिनिटं, एक मित्र समोर, एक विषय, मोठ्यानं बोलायचं. पहिल्या महिन्यापासून. मुलाखतीची तयारी मुलाखतीच्या पत्रानंतर सुरू केली तर आवाज उसना वाटतो.

आता तुमचे प्रश्न.

प्रश्न : सर, नोकरी सोडून पुण्याला जाऊन राहिलं तर वेळ वाचेल ना?

प्रवासाचा वेळ वाचेल, हे खरं. पण हिशेब पूर्ण मांडा. खोली, जेवण, अभ्यासिका, शिकवणी, याचे महिन्याचे पैसे लिहा. तुमच्याकडची बचत त्याला किती महिने पुरते ते काढा. आणि त्यातून सात महिने वजा करा, कारण तारीख तेवढी पुढे गेलेली आपण पाहिली आहे. जे उरलं तेवढ्यात तुमचं एक चक्र पूर्ण होतं का? होत असेल तर जा. होत नसेल तर आधी इथेच राहून, नोकरी सांभाळून, बाराशे तासांचं एक वर्ष खरं करून दाखवा. स्वतःलाच, दुसऱ्या कुणाला नाही. ज्याचे इथे अडीच तास खरे झाले नाहीत, त्याचे तिथे दहा तास खरे होतील असं आम्हाला वाटत नाही.

प्रश्न (एका विद्यार्थिनीच्या आई) : माझी मुलगी चार वर्षं हेच करतेय. हुशार आहे. आम्ही तिला थांब म्हणायचं की नाही?

काकू, हा आजचा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि तुम्ही सगळ्यांसमोर विचारलात, त्याबद्दल तुमचे आभार. आम्ही तिच्या जागी निर्णय देणार नाही. पण वेळेबद्दलच बोलतोय, तर थांबण्याची वेळसुद्धा नियोजनात असावी लागते. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ वर्षं आहे. याचा अर्थ ३८ पर्यंत देत राहा असा होत नाही. मर्यादा आयोगानं दिलीय, आपली आपण वेगळी आखायची. आणि ती निकालाच्या दिवशी ठरवायची नाही, त्या दिवशी माणूस नीट विचार करत नाही. प्रयत्न सुरू करतानाच वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं : इतके प्रयत्न, आणि त्यानंतर हे काम.

तिच्याशी बोलताना एवढंच विचारा. मागच्या दोन प्रयत्नांत तू कुठल्या टप्प्यापर्यंत पोचलीस, आणि यंदा वेगळं काय करणार आहेस? तिच्याकडे ठोस उत्तर असेल, तर तिला एक प्रयत्न पूर्ण मोकळ्या मनानं द्या, रोज विचारू नका. उत्तर नसेल, तर वेग कमी करा. गट-ब, गट-क च्या परीक्षा आहेत, त्यांचा अभ्यास बराचसा तोच. अर्धवेळ नोकरी आहे. अभ्यास चालू ठेवून कमवणं म्हणजे हार मानणं नाही. आमच्यातला जो बारा गुणांनी गेला, तो आज शिकवतो. चांगलं शिकवतो. त्याला विचारलं की तुझा सगळ्यात मोठा पस्तावा कोणता, तर तो नापास झाल्याचं सांगत नाही. पेटीत ठेवलेल्या पुस्तकांचं सांगतो.

घरी गेल्यावर आज एकच काम करा. एका कोऱ्या पानावर उद्यापासून सात दिवस खरी मिनिटं लिहा. फक्त सात दिवस. पुढच्या रविवारी बेरीज करा. आकडा छोटा आला तर लाजू नका, पुढची सगळी आखणी त्याच आकड्यावर करा.

निघताना खुर्च्या एकावर एक ठेवायला जरा हात लावा, दुपारी इथे दुसरा कार्यक्रम आहे.